शेवटची सही कुठली?

माझ्या आतेने माहेरचा हक्क सोडला तो एका पावसाळी दुपारी, जेवणाच्या वेळेला. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत आम्ही चौदा माणसं. बाहेर दोन भाड्याच्या गाड्या उभ्या, थोरल्या काकांची साखरेची गोळी घरी राहिलेली, त्यामुळे सगळ्यांना निघायची घाई. दस्त इंग्रजीत होता, बारा पानांचा. कारकुनाने बोट ठेवून जागा दाखवली, आतेने सह्या केल्या, फोटो काढून घेतला, अंगठा मशीनवर ठेवला. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. परतताना गाडीत ती मला म्हणाली, “थोरल्याने आईचं शेवटपर्यंत केलं, म्हणून माझा वाटा त्याला दिला.”

तिने तो त्याला दिलाच नव्हता. वारशाचा हक्क सोडला की वाटा एकट्या थोरल्याच्या पदरात पडत नाही, उरलेल्या सगळ्या वारसांत जातो. ज्या धाकट्या भावाशी ती कित्येक वर्षं बोलत नव्हती, त्यालाही त्यातला तुकडा गेला. थोरल्यालाच द्यायचं होतं तर दस्त वेगळ्या तऱ्हेचा करायला हवा होता. हे तिला तीन महिन्यांनी कळलं, आणि तोवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. “वाचून का नाही घेतलास?” मी विचारलं. “सगळीं रावलीं आसलीं रे,” ती म्हणाली. सगळी खोळंबली होती.

मी वकील नाही. गोव्यात, फोंडा तालुक्यात मराठी शाळेत मास्तर होतो. निवृत्त झाल्यापासून वाड्यावरची माणसं कागद वाचून घ्यायला येतात: कोणाचा विक्रीचा मसुदा, कोणाची लिस्बनहून आलेली नोंद, कोणाच्या मुलीच्या लग्नाच्या सह्यांची तारीख. इतके कागद वाचल्यावर माझं एक मत झालंय. आपली माणसं विचार करत नाहीत असं मुळीच नाही. भरपूर करतात, पण भलत्या ठिकाणी. लग्नाचा हॉल, जेवणातल्या गोडाचा प्रकार, पत्रिकेवर कुळदेवीचं नाव आधी की गणपतीचं, यावर महिनाभर खल होतो. ज्या सहीने मालमत्तेची वाटणी ठरते ती मंगळवारी सकाळी, अर्ध्या दिवसाची रजा टाकून उरकली जाते. मोठा निर्णय समारंभात होतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो कचेरीतल्या डुगडुगत्या टेबलावर होतो.

म्हणून पुढे जे सांगतोय त्याचा गाभा एवढाच की कोणत्या सहीनंतर मागे फिरता येत नाही ती आधी शोधायची, आणि विचार, वाद, रडणं, रुसणं, सगळं तिच्या अलीकडे उरकायचं.

पहिलं काम: मागे फिरायचा रस्ता तपासा

कागद घ्या आणि निर्णयाखाली एकच ओळ लिहा: “वर्षभराने नको वाटलं तर काय करावं लागेल?” उत्तर तीनपैकी एक असतं. थोडे पैसे जातील. बरेच पैसे आणि कोर्टाच्या खेपा जातील. किंवा जवळजवळ काहीच करता येणार नाही.

पहिल्या प्रकारात नोकरी बदलणं, भाड्याची खोली, मुलाचा क्लास, दुचाकी. यावर झोप घालवू नका. चुकलं तर चुकलं. माझ्या पुतण्याने मोबाइल निवडायला चार महिने घेतले आणि पोर्तुगीज नागरिकत्वाचे कागद अकरा दिवसांत एजंटाच्या हातात ठेवले. हिशेब नेमका उलटा झाला.

तिसऱ्या प्रकारातल्या गोष्टी गोव्यात ठरलेल्या आहेत: जमीन-घराची विक्री, हक्क सोडणं, बक्षीसपत्र, नागरिकत्व आणि लग्नाची दुसरी सही. शेवटच्या गोष्टीने घाट ओलांडून आलेले लोक हमखास चकतात, आणि आपलेही बरेच चकतात, म्हणून तिथे जरा थांबतो.

लग्नाच्या दोन सह्या

गोव्यात लग्नाची नागरी नोंदणी दोन टप्प्यांत होते. पहिली सही म्हणजे लग्न करायचा इरादा जाहीर करणं. मग हरकतींसाठी मुदत असते. दुसऱ्या सहीने लग्न नोंदवलं जातं आणि कायद्याच्या लेखी तुम्ही नवरा-बायको होता. मंगलाष्टकं, सप्तपदी, देवकार्य अजून सहा महिन्यांवर असलं तरी.

मुलाला बोटीवर जायचंय, घरकर्ज जोडीने काढायचंय, व्हिसाला कागद लागतो, अशा कारणांनी घरचे सांगतात, “सह्या करून टाका, लग्न सावकाश करू.” मधल्या काळात जुळलं नाही तर लोक म्हणतात साखरपुडा मोडला. कायदा तसं म्हणत नाही. तिथे लग्न झालेलं असतं आणि ते मोडायला कोर्टात जावं लागतं. माझ्या ओळखीत अशी एक मुलगी आहे. एक दिवसही सासरी न राहता तिने दोन वर्षं तारखा भोगल्या.

दुसरी गोष्ट मालमत्तेची. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता आपल्याकडे १८७० पासून लागू आहे, आणि मुक्तीनंतरही १९६२च्या कायद्याने ती चालू राहिली. वारसा, नोटरी आणि इन्व्हेंटरी (वारसांतली वाटणी कोर्टातून करून घेण्याची पद्धत) यांचा भाग आता नव्या राज्य कायद्यात आलाय, तो डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. या व्यवस्थेत वेगळं काही ठरवलेलं नसेल तर लग्न होताच दोघांची मालमत्ता एकत्र होते: लग्नाआधीची, नंतरची, वारशाने आलेलीसुद्धा. दोघांचा अर्धा-अर्धा हक्क. वेगळं ठरवायचं असेल तर विवाहपूर्व करार रीतसर दस्त करून लग्नाआधीच करावा लागतो. लग्नानंतर तो करता येत नाही आणि केलेला बदलता येत नाही.

मी स्वतः अर्ध्या-अर्ध्या वाट्याच्या बाजूचा आहे. या एका तरतुदीने गोव्यातल्या कितीतरी बायकांच्या डोक्यावर छप्पर राहिलंय, कारण नवऱ्याला घर विकायचं तर बायकोची सही लागते. पण बाजूचा असणं वेगळं आणि माहीत नसताना त्यात पडणं वेगळं. दुसऱ्या लग्नाच्या वेळी, पहिली मुलं असताना, किंवा एका घरावर कर्जाचा डोंगर असताना हा विषय दोन्ही घरांनी उघड बोलावा. बोलायला लाज वाटते हे खरं. मग निदान मुलामुलीने एकमेकांशी बोलावं.

तर कामाचं एवढं की पहिल्या आणि दुसऱ्या सहीच्या मधले दिवस हा मोकळा वेळ समजू नका. जे काही विचारायचं ते त्याच दिवसांत विचारून घ्या.

प्रश्न एका वाक्यात मांडा, देवळातल्यासारखा

आपल्याकडे अडलं-नडलं की देवीला कौल लावतात. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि उजवी पाकळी पडते की डावी याची वाट बघायची. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्यापाशी. मला त्यातली शिस्त आवडते. पुजारी आधी विचारतो, “नेमकं काय विचारायचंय?” आणि तिथेच अर्धी घरं अडखळतात. आमच्या शेजारचे दोघे भाऊ कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, विकावी का हे विचारायला गेले होते. पुजाऱ्यापुढे प्रश्न सांगताना कळलं की एकाच्या मनात ‘विकावं का’ होतं आणि दुसऱ्याच्या मनात ‘पाणी कोण लावणार’. कौल न लावताच परत आले आणि कुळागर तीन वर्षांसाठी चालवायला दिलं.

म्हणून प्रश्न लिहा. मग त्याच्या खाली लिहा: “हा प्रश्न पडलाच का?” बहुतेक वेळा खरा प्रश्न दुसऱ्या ओळीत सापडतो. ‘भाट (माडांची जमीन) विकायचं की नाही’ हा प्रश्न वाटतो, पण मुळात बाबांच्या ऑपरेशनला सहा लाख हवे असतात. सहा लाख उभे करायच्या वाटा पाच असतात, त्यातली विक्री ही एक, आणि तीच एकटी कायमची. ‘हो की नाही’ असा प्रश्न समोर आला की तिसरं उत्तर शोधल्याशिवाय उठायचं नाही, असा नियम मी घरात केलाय. बायको म्हणते, याच नियमामुळे आमच्या घरात अजून नवीन फ्रिज नाही.

मतं नंतर, कागद आधी

घरात बसून मतं मांडायला सगळ्यांना आवडतं. कचेरीत रांग लावायला कोणालाच नाही. पण निम्मे वाद कागद समोर आला की आपोआप मिटतात, म्हणून क्रम उलटा करा.

जमीन-घराचा निर्णय असेल तर सर्व्हे नंबर घेऊन आधी एक-चौदाचा उतारा (घाटावरच्या सातबाऱ्यासारखा) काढा. शहरी भागात असेल तर फॉर्म डी. कब्जेदारांच्या रकान्यात कोणाकोणाची नावं आहेत बघा, आणि ‘इतर हक्क’ हा रकाना तर अगदी डोळ्यांत तेल घालून. कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जागेत घर करून राहणारा) म्हणून कोणाचं नाव असेल तर १९६४चा कूळ कायदा आणि १९७५चा मुंडकार कायदा तुमच्या व्यवहाराच्या मध्ये उभे असतात. ती माणसं ‘आपलीच’ आहेत म्हणून त्यांचा हक्क नाहीसा होत नाही. मग सर्व्हेचा नकाशा, बोजा नसल्याचा दाखला, आणि पोर्तुगीज काळातली नोंद असेल तर तिची प्रत. जुन्या नोंदीत जागेच्या चारी बाजू नावाने लिहिलेल्या असतात: पूर्वेला अमक्याचं भाट, पश्चिमेला ओहोळ. तो ओहोळ आज कुठे आहे ते पायांनी चालून बघा. नकाशावर जमीन बसते, पण वाट बसत नाही असं पुष्कळदा होतं.

शेतजमीन असेल तर आणखी सावध. २०२३च्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर बंधन आलंय. “बिगरशेती रूपांतर आम्ही बघतो, तुम्ही सही करा” असं सांगणारा भेटला तर त्याला सांगा, आधी रूपांतराची सनद दाखव. मोपाचा विमानतळ २०२३च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून पेडण्यात असं सांगणारे पुष्कळ झालेत.

आणि मुखत्यारपत्र. मला विचाराल तर गोव्यात सगळ्यांत धोक्याचा कागद हाच. आखातात किंवा लंडनला असलेला भाऊ ‘तूच बघ’ म्हणून सर्वाधिकाराचं मुखत्यारपत्र पाठवतो आणि ते कोणाकोणाच्या हातून फिरतं. खोटी कागदपत्रं करून परस्पर जमिनी विकण्याची इतकी प्रकरणं झाली की २०२२ मध्ये सरकारला खास तपास पथक नेमावं लागलं. मुखत्यारपत्र द्यायचंच तर एका कामापुरतं द्या, सर्व्हे नंबर घालून, मुदत घालून. विक्री करण्याचा आणि पैसे घेण्याचा अधिकार त्यात असावा का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळाच विचारा.

घाई कोणाला आहे?

एखाद्या निर्णयाची घाई तुम्हाला नसेल तर कोणाला तरी असते. ती कोणाला आणि का, हे लिहून काढा. एजंटला इसार पदरात पाडायचा असतो, खरेदीदाराच्या कर्जाची मुदत संपत असते, पुतण्याला गाडी घ्यायची असते. यात कोणी वाईट नाही. पण त्यांची तारीख तुमची तारीख होऊ देऊ नका. “उद्या दुसरी पार्टी येतेय” हे वाक्य कानावर आलं की मी समोरच्याला चहा देतो आणि म्हणतो, येऊ दे.

दोन वेळा तर कधीच सही करू नये. एक, घरात कोणी गेल्यानंतर तेराव्याच्या आत. त्या दिवसांत सगळे वारस एकत्र असतात, म्हणून कोणीतरी व्यवहारी माणूस कागद काढतोच. दुसरी, चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. मुंबई-पुण्याचे, परदेशातले, सगळे एका छपराखाली असतात, माटोळी बांधलेली असते, नेवऱ्यांचं ताट फिरत असतं आणि कोणीतरी म्हणतो, आलोच आहोत तर उरकून घेऊ. बोलायला चवथीसारखी वेळ नाही, जरूर बोला. पण गणपतीसमोर कोणी ‘नाही’ म्हणत नाही, आणि ‘नाही’ म्हणता येत नसेल तिथल्या ‘हो’ला काही वजन नसतं.

घाई आणि दडपण यांवरून एक जुनी गोष्ट आठवते. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. आमच्या घरात फुलाची, म्हणजे विलीनीकरणाची, बाजू होती, हे लपवायचं कारण नाही. विरोधकांची मागणी होती की मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार खुर्चीवर असताना कौल घेऊ नये. त्यांनी राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली आणि मग मतदान झालं. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं, वेगळं राहण्याला १,७२,१९१. निकाल आमच्या बाजूने लागला नाही, पण पुढची पन्नास वर्षं वडील ‘आम्हाला फसवलं’ असं एकदाही म्हणाले नाहीत. घरातल्या बैठकीलाही हाच नेम लावावा. ज्याला निर्णयातून पैसा किंवा जागा मिळणार आहे त्याने चर्चा चालवू नये, आणि कागदही त्याने आणू नये.

‘हे असंच राहील’ यावर किती भार टाकलाय?

डिचोली, सत्तरी, सांग्याच्या बाजूला २०१२च्या आधी फिरला असाल तर लाल धुळीत ओळीने उभे खनिजाचे ट्रक पाहिले असतील. शेजाऱ्याने घेतला म्हणून घेतला, बँक देते म्हणून घेतला. हिशेब चुकीचा नव्हता: रोजच्या इतक्या खेपा, महिन्याचा इतका हप्ता. त्यात न लिहिलेली ओळ एकच होती, खाण चालू राहील. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणकाम थांबलं, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. पुढे काही काळ सुरू झालं तोच २०१८ मध्ये न्यायालयाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं बंद. ट्रक अंगणात गंजले, हप्ते थांबले नाहीत.

पोर्तुगीज पासपोर्टचंही असंच. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेले आणि त्यांची मुलं-नातवंडं लिस्बनला जन्माची नोंद करून नागरिकत्व मागू शकतात, हे आता शेंबडं पोरही सांगेल. बहुतेकांना पोर्तुगालला जायचंच नव्हतं, जायचं होतं इंग्लंडातल्या स्विंडनला, साउथॉलला. युरोपीय संघाचा नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये सरळ जाऊन काम करता येत होतं. ती वाट ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. आधी पोचले त्यांचं निभावलं. ज्यांनी भारतीय पासपोर्ट सोडला आणि तिकीट काढायचं राहिलं, त्यांच्या हातात पोर्तुगालचा पासपोर्ट होता आणि पोर्तुगीज भाषेचा एक शब्द येत नव्हता.

इथे नीट समजून घ्यायची गोष्ट म्हणजे भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे आपखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. ते संपायला तुम्ही पासपोर्ट परत करण्याची गरज नाही. परत न करणं हा उलट वेगळा गुन्हा होतो. “मी नुसती नोंद केली, पासपोर्ट काढला नाही” असं म्हणणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. त्या मुद्द्यावरून गोव्यात आमदारांच्या नागरिकत्वापर्यंत वाद गेलेत. मागून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठीचं) कार्ड मिळतं, त्याने येणं-जाणं, राहणं होतं. पण मत देता येत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पुन्हा भारतीय व्हायचं तर ओसीआय होऊन पाच वर्षं झालेली हवीत आणि अर्जाआधी वर्षभर इथे राहिलेलं हवं. म्हणजे दार अगदीच बंद नाही, पण पलीकडे गेलेल्याला पुन्हा ठोठवावं लागतं.

जाऊ नका असं मी कोणालाच सांगत नाही. माझ्याच वर्गातली पोरं तिकडे गोदामात काम करून इथे आईला घर बांधून देतात. फक्त एक करा. तुमचा निर्णय कशाकशावर उभा आहे ते सुटं सुटं लिहा: कायदा, भाव, तब्येत, नोकरी, कोणाचा तरी शब्द. मग एकेकावर बोट ठेवून विचारा, हा खांब गेला तर छप्पर राहील का? एकच खांब असेल तर थांबा.

अर्धं दार शोधा

पुष्कळदा तेच काम दोन तऱ्हांनी होतं, एक कायमची आणि एक बदलता येण्यासारखी. म्हाताऱ्या आई-बापांनी घर मुलाच्या नावे करायचं असेल तर बक्षीसपत्र करतात, कारण मुलगा तेच सुचवतो. बक्षीसपत्र केलं की घर त्या दिवशी गेलं. मृत्युपत्र मात्र जिवंत असेपर्यंत हवं तितक्या वेळा बदलता येतं. गोव्यात ते विशेष नोटरीपुढे करावं लागतं आणि सगळं कोणा एकाला देता येत नाही: मुलं असतील तर आपल्या वाट्यातला अर्धाच भाग मर्जीने देता येतो, उरलेला अर्धा मुलांचा राखीव. नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र असेल तर एकट्या बापाच्या मर्जीचा भाग झाला एकूण मालमत्तेचा चौथा हिस्सा. तो मात्र त्याने शेवटपर्यंत हातात ठेवावा असं मी म्हणतो. बक्षीसपत्रच करायचं असेल तर सांभाळ करण्याची अट त्यात शब्दांत लिहून घ्या. २००७च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचं कलम २३ त्या अटीच्या आधारावर मदतीला येतं. तोंडी ‘बघतो रे बाबा’ असेल तर लढाई अवघड होते.

तसंच इतर गोष्टींचं. घर विकण्याआधी अकरा महिने भाड्याने देऊन बघा. मुलाकडे कायमचं जाण्याआधी पावसाळाभर त्याच्या फ्लॅटमध्ये राहून बघा, पाहुण्यासारखं नाही, रोजचा बाजार करून, लिफ्ट बंद असताना.

जो बैठकीत नाही त्याला विचारा

हे थोडक्यात. वहिनी चहा आणायला आत जाते आणि तेवढ्यात निर्णय होतो. म्हणून प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, आणि आईला तर स्वयंपाकघरातच विचारा. बाहेर सोप्यावर ती नेहमी म्हणणार, “तुम्ही ठरवाल ते.” मुलीला माहेरच्या मालमत्तेत मुलाइतकाच वाटा असतो, हे विचारण्याआधी तिला सांगा. नंतर सांगितलं तर त्याला विचारणं म्हणत नाहीत.

सहीचा दिवस

मसुदा निदान तीन दिवस आधी मागून घ्या. “तिथेच वाचा” म्हणाले तर तारीख पुढे ढकला. इंग्रजी येत नसेल तर ज्याचा त्यात काहीही संबंध नाही अशा माणसाकडून मराठीत मोठ्याने वाचून घ्या, आणि प्रत्येक परिच्छेदानंतर तुमच्या शब्दांत त्याला परत सांगा. नुसतं ‘समजलं’ म्हणणं चालणार नाही. आतेनेही समजलं म्हणूनच मान डोलावली होती. सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळ उताऱ्याशी एकेक आकडा ताडून पाहा, पैशाची रक्कम अंकात आणि अक्षरात जुळते का बघा, रिकाम्या जागा रेघ मारून बंद करा. सकाळची वेळ घ्या, जेवून जा, गोळ्या बरोबर ठेवा. गाडी दिवसभरासाठी ठरवा. दोनशे-पाचशे जास्त जातील, पण ड्रायव्हरच्या हॉर्नवर घर ठरणार नाही.

आणि घरी आल्यावर वहीत लिहून ठेवा की हा निर्णय आपण का घेतला, त्या दिवशी काय माहीत होतं, कोण काय म्हणालं. पुढे भाव दुप्पट झाले की सगळेच म्हणतात, मी तेव्हाच सांगितलं होतं. वही काढून दाखवायची.

पण फार थांबलात तर

एवढं सांगून झाल्यावर उलट बाजूही सांगायला हवी. गोव्यात घाईने मोडलेल्या घरांपेक्षा कोणी काहीच न ठरवल्याने पडलेली घरं मला जास्त दिसतात. सतरा वारस, तीन देश, एक राजांगण, आणि त्यात तुळशीवृंदावनाच्या उंचीचं गवत. पाऊस कोणाच्या सहीसाठी थांबत नाही. आढ्याचा एक वासा गेला की तीन पावसाळ्यांत भिंत येते. म्हणजे न ठरवणं हीसुद्धा न मागे घेता येणारी सहीच झाली, फक्त ती आपल्या वतीने वाळवी करते.

त्यावर उपाय म्हणून तारीख घाला. आमच्याकडे तारखेला मिरग (मृग नक्षत्र, पावसाची सुरुवात) सोयीचा. मिरगाआधी कागद जमा, चवथीला बोलणं, तुळशीच्या लग्नानंतर होकार किंवा नकार. तेवढ्यात ठरलं नाही तर इन्व्हेंटरीचा अर्ज करून वाटणी कोर्टाकडे सोपवायची. त्याला वेळ लागतो, पण ती वाट कुठेतरी पोचते.

आमचंही जुनं घर यंदा याच यादीत आहे. उतारे काढले, बहिणीला तिच्या वाट्याचं सांगितलं, तिने महिनाभर मागितलाय. धाकटा म्हणतो, विकू. मी अजून वहीत प्रश्नच नीट लिहू शकलेलो नाही, दोनदा खोडला. दरम्यान मे संपत आला म्हणून दोन माणसं लावून कौलं परतून घेतली. एकशे चाळीस फुटकी निघाली.